तैलचित्रण आणि नित्याच्या विषयांतील सौंदर्य : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सुंदर चित्र म्हटले की हिमशिखरे, सरोवर किंवा पौराणिक नायिका डोळ्यांसमोर येते. छापील चित्रे व दिनदर्शिका यांनी ही कल्पना दृढ केली आहे. गावचा पाणवठा, कापसाने भरलेली बैलगाडी किंवा स्वयंपाकघरातील पितळेचा गुंड यांना चित्रविषय मानण्यास मन सहजासहजी तयार होत नाही. सौंदर्य विषयात असते की पाहण्यात, हा सौंदर्यशास्त्रातील जुना प्रश्न येथे उपस्थित होतो. तैलरंगाच्या संदर्भात त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

माध्यमाचे स्वरूप

तैलरंग म्हणजे वाळणाऱ्या तेलात खललेली रंगद्रव्ये होत. हे तेल मुख्यतः जवसाचे असते. विदर्भात जवसाचे पीक घेतले जाते आणि त्याची चटणी घरोघरी परिचित आहे. जवस ज्या वनस्पतीचे बी, तिच्याच खोडाच्या धाग्यापासून लिननचे चित्रफलक तयार होतात. सुती फलकही वापरले जातात, आणि हिंगणघाटचा कापूस तर ब्रिटिश काळापासून प्रसिद्ध आहे. सारांश, परके वाटणाऱ्या या माध्यमाचा कच्चा माल या मातीला अपरिचित नाही.

जवसाचे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही. हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून ते हळूहळू घट्ट, चिवट पापुद्र्यात रूपांतरित होते. या संथ क्रियेमुळे चित्रकाराला रंग मिसळण्यास, खरवडण्यास व पुन्हा लावण्यास अवधी मिळतो. खालच्या थरांत तेल कमी व वरच्या थरांत अधिक असावे, अन्यथा चित्राला तडे जातात, हा नियमही त्यातूनच आला. हा अवधी केवळ तांत्रिक सोय नसून पाहण्याचा अवधी आहे. पितळेच्या गुंडाला पिवळा रंग फासला तर गुंड दिसत नाही. त्यावर दाराच्या उजेडाची पांढरी रेघ, चुलीजवळचा तपकिरी अंधार आणि शेजारच्या लुगड्याची हिरवी छटा पडलेली असते. वेचलेल्या कापसाचा ढीगही निव्वळ पांढरा नसतो. त्याच्या सावलीत निळसर व राखी, तर उन्हात पिवळसर छटा असतात. काळी माती रंगविण्यास केवळ काळा रंग अपुरा पडतो. तपकिरी व निळा यांच्या मिश्रणानेच तिला खोली येते. नित्य पाहिलेली वस्तू प्रत्यक्षात पाहिलीच नव्हती, ही जाणीव येथे होते.

परंपरेचे दाखले

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये शार्दांने तांब्याची भांडी, पाव व फळे रंगविली. व्हॅन गॉगने 1885 मध्ये ‘बटाटे खाणारे’ या चित्रात शेतकरी कुटुंबाचे जेवण मातकट रंगांत साकारले. मुंबईत जे. जे. कलाशाळेची (स्थापना 1857) परंपरा लाभलेल्या पेस्तनजी बोमनजींनी पारशी घरांतील अंतरंग टिपले. अलीकडच्या काळात ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केलेल्या सुधीर पटवर्धनांनी ‘इराणी रेस्टॉरंट’ (1977) व ‘लोअर परळ’ (2001) यांसारख्या चित्रांतून महानगरातील सामान्य माणूस केंद्रस्थानी आणला.

वर्धा जिल्ह्याचा वारसा मात्र वेगळ्या माध्यमांचा आहे. 1936 मध्ये गांधीजी सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले. त्यांच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी 1938 च्या हरिपुरा काँग्रेससाठी जी भित्तिपत्रे केली, त्यांत ग्रामीण कारागीर व वादक होते. ती तैलरंगात नव्हती. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद यांनी 1944 पासून सेवाग्रामच्या नई तालीममध्ये कलाशिक्षण दिले. माध्यम भिन्न असले तरी कला ही नित्याच्या जगण्यापासून अलग नाही, ही भूमिका समान आहे.

एक आक्षेप

येथे गंभीर आक्षेप संभवतो. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 2006 मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता. अशा भूमीत कापसाच्या शेताचे सौंदर्य रंगविणे म्हणजे दुःखावर रंग चढविणे नव्हे काय? सौंदर्याचा अर्थ गोंडसपणा असा घेतल्यास हा आक्षेप योग्यच आहे. भेगाळलेले पाय गुळगुळीत करणारे चित्र असत्य ठरते. परंतु तेच पाय धीराने व बारकाईने रंगविणारा चित्रकार त्यांना सजवीत नाही. ते दुर्लक्षून पुढे जाणे तो प्रेक्षकाला अवघड करतो. व्हॅन गॉगच्या चित्रातील खरबरीत हात याच अर्थाने सुंदर आहेत.

निष्कर्ष

तैलचित्रण नित्याच्या वस्तूला सौंदर्य बहाल करीत नाही. ते पाहणाऱ्याची घाई कमी करते. म्हणून महाविद्यालयीन स्तरावर या माध्यमाचा परिचय केवळ भावी चित्रकारांपुरता मर्यादित ठेवणे उचित नाही. ज्या विद्यार्थ्याने एक गुंड आठवडाभर निरखून रंगविला, त्याला आपले घर, आपले शिवार आणि तेथे राबणारी माणसे पूर्वीसारखी सामान्य वाटण्याची शक्यता कमीच आहे.