ओक

(लॅ. क्वेर्कस, कुल-फॅगेसी). क्वेर्कस वंशातील वृक्ष व झुडपे यांचे हे सामान्य नाव आहे. या वंशात सु. ४३० जाती असून त्यांचा प्रसार मुख्यतः उत्तर गोलार्धात आहे. सर्वांत अधिक विविधता मेक्सिको व चीन येथे आढळते. भारतात ओक हिमालयात व ईशान्येकडील डोंगरांत आढळतात. महाराष्ट्रात लावला जाणारा ‘सिल्व्हर ओक’ (ग्रेव्हिलिया रोबस्टा) प्रोटिएसी कुलातील असून तो खरा ओक नव्हे.

लक्षणे : पाने साधी, एकाआड एक, अखंड, दातेरी किंवा खंडित, फुले एकलिंगी, एकाच झाडावर, पुं-पुष्पांचे फुलोरे लोंबते, परागण वाऱ्याने होते. फळ कठीण कवचाचे, एकबीजी व तळाशी पेल्यात बसलेले असते. लिथोकार्पस या जवळच्या वंशातही असाच पेला असतो. परंतु त्याचे पुं-फुलोरे ताठ असतात.

वर्गीकरण : लिनीअस यांनी १७५३ मध्ये या वंशाचे वर्णन केले. पुढे पाने, पेल्यावरील खवले व फळ पिकण्याचा काळ यांवरून गट पाडले गेले. तथापि एकाच झाडावरही पानांचा आकार बदलतो व जातींमध्ये संकर होतात. त्यामुळे केवळ बाह्य लक्षणे पुरेशी ठरत नाहीत. परागकणांची रचना व डीएनए यांच्या आधारे २०१७ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात दोन उपवंश व आठ विभाग मानले आहेत.

क्वेर्कस उपवंशात पांढरे व तांबडे ओक येतात. पांढऱ्यांची फळे एका वर्षात पिकतात. बहुतेक तांबड्यांना दोन वर्षे लागतात व त्यांच्या पानांच्या खंडांच्या टोकांस राठ केस असतात. पांढऱ्या ओकच्या मध्यकाष्ठातील वाहिन्या बुजलेल्या असल्याने त्याची पिंपे गळत नाहीत. तांबड्याच्या वाहिन्या बहुधा मोकळ्या राहतात. बाळगुटीतील मायफळ हे फळ नसून क्वे. इन्फेक्टोरिया या पांढऱ्या ओकच्या फांदीवर, कीटकाने अंडी घातल्यामुळे आलेली गाठ होय.

सेरिस उपवंश फक्त जुन्या जगात आढळतो. बूच देणारा क्वे. सुबेर, हिमालयातील बांज (क्वे. ल्यूकोट्रायकोफोरा) व खर्सू (क्वे. सेमेकार्पिफोलिया), तसेच पेल्यावर एककेंद्री वलये असलेला क्वे. ग्लॉका यांचा त्यात समावेश होतो.

संरक्षण : २०२० च्या आढाव्यानुसार ११३ जाती धोक्यात आहेत. हिमालयात चारा व जळणासाठी होणारी छाटणी आणि चराई यांमुळे नवी रोपे वाढणे कठीण होते. ओकचे बी वाळल्यास मरते, त्यामुळे ते धान्याप्रमाणे दीर्घकाळ साठवता येत नाही. म्हणून जातींचे रक्षण मुख्यतः उभी झाडे व वने राखूनच होऊ शकते.