साताऱ्यातला दरबार

किर्लोस्करवाडीला साताऱ्याची गाडी धरली की मला टिळक आठवतात. लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड नारायण वामन टिळक. १९१७ साली ते साताऱ्यात येऊन राहिले आणि तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. आमच्या या स्टेशनाला तेव्हा कुंडल रोड म्हणत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना इथल्या ओसाड माळावर कारखाना मांडून जेमतेम सात वर्षं झाली होती.

पलूसच्या ख्रिस्ती घरात वाढताना मिशन म्हटलं की मिरजच डोळ्यांपुढे यायची. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेला दवाखाना. दुखणं हाताबाहेर गेलं की ‘मिरजेला न्या’ एवढंच मोठी माणसं म्हणायची. टिळक मला फार उशिरा भेटले. त्यांची गाणी मात्र बोलायला लागल्यापासून तोंडात होती.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतात मुरलेले, कविता रक्तात. राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात गेली, नातीगोती तुटली. देवाला वाहून घेणं म्हणजे हेच, असं समजून आपण बहुतेक इथेच थांबतो.

पण त्या दिवशी आणखी एका माणसाचा संसार मोडला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं नव्हतं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. परत आल्या तेव्हाही एकाच छपराखाली दोघांचं स्वयंपाकपाणी वेगळं. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मी या भागाशी दर वेळी अडखळते. सोवळं सांभाळणारी ती बाई नवऱ्यावर जीव टाकते, पण त्याच्या हातचं पाणी घेत नाही. तिच्या मनातली जातिभेदाची गाठ हळूहळू, तिची तिनेच सोडवली. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्यामागे फरफटत जाऊन नव्हे. माझ्या मनात तिचं समर्पण टिळकांच्या समर्पणाहून तसूभरही कमी नाही. उलट, ते जास्त महाग पडलेलं आहे.

नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांचं सगळं नीट बसलं. १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली, पुढे ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन आलं. मान होता, पगार होता. आणि वयाची पंचावन्न वर्षं उलटल्यावर त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पहिल्या वेळी ख्रिस्तासाठी जन्माने मिळालेलं सोडलं होतं. या वेळी ख्रिस्ती झाल्यावर जे मिळालं होतं, तेही सोडलं. हे दुसरं सोडणं मला अधिक अवघड वाटतं, कारण ते करायला कुणीही सांगितलं नव्हतं.

त्यांच्या मनातली सल उघड होती. ख्रिस्त मराठी माणसाच्या दारी परक्या वेशात उभा आहे आणि प्रचारक पगारी आहे, हे त्यांना सोसत नव्हतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं सांगणारा हा माणूस. भजन-कीर्तनात त्याचा जीव. म्हणून संन्यास, आणि म्हणून दरबार. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे भक्त तिथे एका कुटुंबासारखे राहावेत, ही त्यांची कल्पना. त्या काळात हे बोलायला छाती लागत होती.

दरबाराला पुरी दोन वर्षंही मिळाली नाहीत. प्रकृती ढासळली, मुंबईला न्यावं लागलं आणि ९ मे १९१९ ला टिळक गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं. त्यांनी अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. लग्नाच्या वेळी अक्षरओळखही नसलेल्या या बाईने त्यात अध्यायामागून अध्याय रचले. तिकडे टिळकांचं चरित्र लिहिणाऱ्या विन्स्लो या इंग्रज पाद्रीने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. आश्रम, साधी राहणी, देशी उपासना, अशी त्याची रीत.

मागच्या खेपेला मी साताऱ्याहून परतले त्या रविवारी आमच्याकडे प्रार्थना होती. आईचं ‘उपासना संगीत’ शिवण सुटून दोऱ्याने बांधलेलं, कडांना हळदीची बोटं. तिने टिळकांचं एक भजन धरलं. शेजारच्या काकू द्राक्षाच्या बागेतून येता येता दारात थांबल्या. माळ घातलेल्या, दरसाल आषाढीला पंढरपूर करणाऱ्या. शब्द येत नव्हते, पण चाल ओळखीची निघाली. चप्पल बाहेर काढून त्या आत आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि दुसऱ्या कडव्यापासून टाळ त्यांच्या हातात होते.