गॅस संपत नाही, गळतो

पेट्रोल जळून जातं, इंजिन ऑइल जुनं होतं. गाडीच्या एसीतला गॅस मात्र ना जळतो, ना जुना होतो. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल या बंद वाटेवरून तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. कंडेन्सरमध्ये द्रव होताना उष्णता बाहेर टाकतो, कॉइलमध्ये उकळताना केबिनमधली उष्णता उचलतो. रबरी पाइपांतून वर्षाकाठी थोडासा झिरपतो, म्हणून जुन्या गाडीत तो कमी भरला तर नवल नाही. पण मागच्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात ‘संपला’ असेल, तर गाडीत कुठेतरी गळती आहे, आणि तिच्यावर गॅस हा इलाज नाही.

हे आता ठासून सांगायला हवं, कारण गाडीच्या एसीतल्या आर-१३४ए या गॅसचे छोटे कॅन, नळी आणि मीटर असा सगळा सरंजाम ऑनलाइन घरपोच मिळतो. अमेरिकेत घरच्या घरी गॅस भरण्याची पद्धत जुनी आहे. तिथे २०१८पासून तयार होणाऱ्या छोट्या कॅनना आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह सक्तीचा आहे, आणि कॅलिफोर्नियात रिकामा कॅन परत यावा म्हणून अनामत रक्कम घेतात. कॅनबरोबर ही काळजीही आपल्याकडे यायला हवी.

काळजी कशासाठी, ते या वायूंच्या इतिहासातून कळतं. १९३० साली टॉमस मिजली या संशोधकाने अमेरिकन केमिकल सोसायटीसमोर नवा शीतक वायू छातीत भरून घेतला आणि त्याच उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटत नाही, हे सिद्ध करायला. तो आर-१२. पुढे १९७४मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी हे क्लोरीनयुक्त वायू ओझोनचा थर पोखरतात असं मांडलं, १९८५मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र उघड झालं आणि १९८७मध्ये माँट्रियल करार झाला. आर-१२ची जागा आर-१३४एने घेतली. ओझोनला त्याचा धक्का नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. म्हणजे ४५० ग्रॅम गॅस हवेत सुटणं हे सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळण्याच्या बरोबरीचं आहे. लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी तेवढ्या पेट्रोलवर ५,००० किलोमीटर जाईल! व्हॉल्व्हची पिन दाबून जुना गॅस फस्‌कन उडवून देणं मला म्हणूनच अक्षम्य वाटतं.

स्वतःच्या जिवाचाही प्रश्न आहेच. आर-१३४ए उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. नळी निसटून द्रवाचा फवारा बोटांवर आला, तर कातडी जागच्या जागी गोठते. डोळ्यात गेला, तर दृष्टीवर बेतू शकतं. बंद गॉगल आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय बॉनेट उघडूच नये. डोळ्यात गेलाच, तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवत राहायचं आणि थेट डॉक्टर गाठायचा. हा वायू हवेपेक्षा साडेतीनपट जड आहे. बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा गाडीखालच्या खड्ड्यात तो तळाशी साचतो आणि प्राणवायूला बाजूला सारतो, म्हणून काम उघड्यावरच करावं. जवळ विडी-सिगारेट किंवा गॅसची शेगडीही नको, कारण ज्योतीच्या संपर्कात त्याचं विघटन होऊन हायड्रोजन फ्लुओराइड हा अत्यंत दाहक वायू बनतो.

कॅन फक्त लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या बाजूच्या तोंडालाच जोडतात. दोन्ही तोंडांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. तरीही कुणी जुगाड करून हाय साइडला जोडला, तर नागपूरच्या मेमध्ये तिथला दाब २५० पीएसआयच्याही पुढे गेलेला असतो आणि तो उलटा कॅनमध्ये शिरून कॅन फुटू शकतो. इंजिन चालू असताना कॅन उलटा धरणंही वाईट. द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये गेला, की तो दाबला जात नाही आणि आतले भाग मोडतात.

सगळ्यात मोठी फसगत मीटरची. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये गॅस किती उरला ते दाबावरून कळत नाही, वजनच करावं लागतं. इथेही तसंच. एसी बंद असताना, ३० अंश तापमानाला, आत थोडा जरी द्रव असेल तरी काटा ९७ पीएसआयच्या आसपासच राहतो. आत निम्मा गॅस असो की पुरता. चालू एसीचा दाब बाहेरच्या उन्हावर, इंजिनच्या वेगावर आणि पंख्यावर हलतो. छोट्या गाडीत मुळात चार-पाचशे ग्रॅमच मावतो, त्यात शंभर ग्रॅम जास्त झाला तरी थंडावा वाढण्याऐवजी घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. किती ग्रॅम हवा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. तेवढाच वजन करून भरायचा.

वजन करून भरायचा, तर आधी आतलं सगळं काढावं लागतं, आणि मग व्हॅक्यूम. तीस अंशाला पाणी उकळायचं तर दाब वातावरणाच्या चार-पाच टक्क्यांवर यावा लागतो. पंप अर्धा तास चालवला, की आतला ओलावा वाफ होऊन निघतो. तो राहिला तर आम्ल तयार होऊन धातू खातो. पंप बंद केल्यावर काटा सरकला, तर गळती तिथेच पकडली जाते. कॅन जोडून वरून टॉप-अप करणाऱ्याला यातलं काहीच साधत नाही.

खात्री नसलेला स्वस्त गॅस तर घेऊच नये. २०११मध्ये शीतगृह कंटेनरांत आर-१३४एच्या नावाखाली मिथाइल क्लोराइड भरलं गेलं. ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन हवेत आपोआप पेटणारं संयुग तयार झालं आणि व्हिएतनाम व ब्राझीलमध्ये झालेल्या स्फोटांत कामगार दगावले.

मग घरी करायचं काय? केबिन फिल्टर बदला, कंडेन्सरवरची माती पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, पुढचा पंखा फिरतोय का बघा. थंडावा कमी होण्याची कारणं बऱ्याचदा इथेच सापडतात. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधा, तेलकट डाग शोधा. कोकणातल्या गाडीत खारी हवा कंडेन्सर कुरतडते, तिथे जास्त लक्ष द्या. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीला मात्र हात नको. तिथल्या उच्च दाबाच्या विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला वेगळं तेल लागतं, आणि कॅनमधलं साधं तेल विजेला वाट करून देऊ शकतं.

पुढचं काम गॅस परत काढून घेणारं मशीन असलेल्या गॅरेजकडे द्या आणि जुना किती ग्रॅम निघाला, नवा किती गेला, हे दोन्ही आकडे बिलावर लिहून मागा. स्टिकरवर ४५० आहेत, निघाले ३८० आणि गाडी सहा वर्षांची, तर ती नुसती झिरप. तेवढेच ७० ग्रॅम एका वर्षात गेले असतील, तर नवा गॅस भरू देण्याआधी ओ-रिंग, पाइप आणि कंडेन्सर तपासून घ्या.