आधी विचारा, मग वाकवा!

‘‘कुणाला काही त्रास आहे का?’’

योगासनांच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी मी हा प्रश्न न चुकता विचारायची. समोर सतरंज्यांवर बसलेल्या वीस-पंचवीस जणी एका सुरात ‘‘नाही, नाही’’ म्हणायच्या आणि मी निर्धास्तपणे सूर्यनमस्कारांना सुरुवात करायची. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, झालं माझं कर्तव्य!

हे कर्तव्य किती पोकळ होतं, ते एका सकाळी कळलं. सर्वांगासन चाललं होतं. पहिल्या ओळीत बसणाऱ्या, साठीच्या घरातल्या एक काकू पाय खाली आणून उठून बसल्या आणि बसल्या बसल्याच एका कुशीला कलंडल्या. चेहरा लालबुंद, अंगाला दरदरून घाम. ‘‘डोक्यात घण घातल्यासारखं होतंय गं’’ एवढंच म्हणाल्या. आम्ही त्यांना तशाच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्तदाब बेसुमार चढला होता. नशीब बलवत्तर म्हणून त्यावरच निभावलं. संध्याकाळी घरी भेटायला गेले, तर उशाशी गोळ्यांची पट्टी. रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून चालू!

‘‘काकू, अहो, मी विचारलं होतं ना तुम्हाला?’’

‘‘तू ‘त्रास आहे का’ असं विचारलंस. गोळी घेतली की मला कसला त्रास? आणि चारचौघींत काय सांगायचं, मला बीपी आहे म्हणून? उद्या जिन्यात जी ती थांबवून विचारेल.’’

मी रात्रभर विचार करत होते. काकू खोटं बोलल्या नव्हत्या. चुकला होता तो माझा प्रश्न. आसनं शिकवायची ती कुणाला, हे समजून घेतल्याशिवाय मी शिकवायला उभी राहिले होते.

एक वर्ग, पंचवीस प्रकृती

आमची ही पिंपरी-चिंचवडची वस्ती कारखान्यांच्या भोंग्यावर वाढलेली. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग टेल्को आली, आकुर्डीला बजाज ऑटो आली. सातारा-सांगलीकडून, मराठवाड्यातून, खानदेशातून माणसं इथे पोटापाण्याला आली. त्या काळी नवी नवरी म्हणून आलेल्या बायका आज माझ्या वर्गात आजी होऊन बसल्यात. पहिल्या पाळीच्या डब्यासाठी पहाटे चारला उठून, ओट्यापाशी उभं राहून त्यांच्या गुडघ्यांची पार वाट लागलीय. त्यांच्या सुनांपैकी कुणी हिंजवडीला संगणकापुढे मान मोडून काम करते, कुणी चाकणच्या कारखान्यात आठ-आठ तास उभी असते आणि संध्याकाळी तिच्या पायांना सूज येते. एखादी नुकतीच बाळंतपणातून उठलेली. कुणाला साखर, कुणाला दमा, कुणाची मान धरलेली.

संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली २१ जून हा योगदिन ठरवला आणि २०१५पासून तो साजरा होऊ लागला. तेव्हापासून तर बागेत, सोसायटीच्या गच्चीवर, देवळाच्या सभामंडपात, जिथे पाहावं तिथे वर्ग! चांगलीच गोष्ट आहे. पण एका खोलीतल्या पंचवीस जणींना एकच आसन एकाच मापाने करायला लावणं, म्हणजे पंचवीस जणींना एकाच मापाचा ब्लाउज शिवण्यासारखं आहे. ब्लाउज घट्ट झाला तर उसवता येतो. मणक्याचं तसं नसतं.

लोकलच्या दोन टोकांना

गंमत पाहा, हे शहाणपण शिकायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. आपली पुणे-लोणावळा लोकल आहे ना, तिच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना योगविद्येची दोन मोठी घरं आहेत आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही स्टेशनं त्यांच्या मधोमध!

लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केलं. आसन करताना शरीरात नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांच्या आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या मदतीने तपासायला घेतलं आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकात छापायला सुरुवात केली. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट! ‘पूर्वापार चालत आलंय म्हणून करा’ एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं.

दुसरं घर शिवाजीनगर स्टेशनापासून जवळच, मॉडेल कॉलनीत. बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी पत्नीच्या नावाने १९७५ साली उभारलेली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था. १९१८ साली इन्फ्ल्यूएंझाची साथ चालू असताना जन्मलेले अय्यंगार गुरुजी लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय या दुखण्यांनी अगदी खंगलेले होते. १९३७ साली पुण्याला शिकवायला आले तेव्हा वय अवघं अठरा. स्वतःचं शरीर आजारी होतं म्हणूनच असेल, पण आजारी माणसाला आसन झेपावं कसं, हा विचार त्यांनी जन्मभर केला. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, लोड यांच्या आधाराने आसन करवण्याची पद्धत त्यांनी बसवली. त्यांची थोरली कन्या गीताताई यांनाही लहान वयात मूत्रपिंडाच्या गंभीर दुखण्याने गाठलं होतं. पुढे त्यांनी खास स्त्रियांच्या शरीराचा, पाळीचा, गरोदरपणाचा विचार करून योग शिकवला, पुस्तकही लिहिलं. २०१८ साली त्या गेल्या.

दोन्हीकडचं सार एकच. माणूस आसनासाठी नाही, आसन माणसासाठी आहे.

विचारावं कसं?

काकूंच्या प्रसंगानंतर मी सगळ्यांसमोर विचारणं बंद केलं. आता नव्या विद्यार्थिनीला पहिल्या दिवशी नुसतं बसवते, वर्ग पाहू देते, आणि नंतर एकटीला बाजूला घेऊन कागद-पेन्सिल हातात देते. बोलायचा संकोच वाटला तर लिही म्हणते. आणि ‘त्रास आहे का’ हा प्रश्न तर मी टाकूनच दिलाय. त्याऐवजी विचारते :

रोज कोणती गोळी, इंजेक्शन किंवा पंप घ्यावा लागतो? आजवर कोणती शस्त्रक्रिया झाली, बाळंतपणं किती आणि कशी झाली? सकाळी उठताना कुठे आखडतं? जिना चढताना धाप लागते का? कधी चक्कर येऊन पडला आहात का? डोळ्यांच्या डॉक्टरांनी काही सांगितलंय का? खोकताना-शिंकताना लघवी होते का, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का? पाळी चालू आहे, गेली आहे की चुकली आहे?

शेवटचे दोन प्रश्न वाचून बायका आधी खाली बघतात आणि मग भराभर लिहायला लागतात. कारण हे त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं!

चाकणहून येणारी एक नवी सून होती. वर्गात कायम जावेच्या शेजारी बसायची. तिने एकाच ओळीचा कागद दिला : ‘पाळी चुकलीय, घरी अजून बोलले नाही.’ सगळ्यांसमोर विचारलं असतं, तर ती बिचारी ‘नाही’च म्हणाली असती आणि जावेबरोबर कपालभातीही करत बसली असती. आता तिला एकटीलाच ‘तू करू नकोस’ म्हटलं, तर बोभाटा होणार. म्हणून त्या दिवशी मी सगळ्या वर्गालाच सांगितलं, ‘‘आज कपालभाती नाही, आज नुसता संथ श्वास आणि शवासन.’’ तिला मात्र नंतर दारापाशी हळूच म्हटलं, ‘‘आधी डॉक्टरांना दाखवून ये.’’ घरी कधी सांगायचं, हे तिचं तिने ठरवलं. तो कागद अजून माझ्या कपाटात कुलपात आहे. विद्यार्थिनीचं दुखणं शिक्षिकेच्या पोटातच राहिलं पाहिजे, नाहीतर पुढची कुणी तोंड उघडणार नाही.

कुणी काय सांभाळावं?

खालचं टिपण म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नव्हे. शिक्षिकेने आणि विद्यार्थिनीनेही ते ध्यानात मात्र ठेवावं.

*रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू :* शीर्षासन, सर्वांगासन अशी डोकं खाली-पाय वर आसनं नकोत. श्वास कोंडून धरणं आणि जोरजोराने श्वास सोडणं नको. खाली वाकून झटकन उठू नये.

*मधुमेह :* गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी वर्गाला येणं धोक्याचं. हातपाय थरथरले, घाम सुटला, तर लगेच थांबून साखर खावी. पर्सपाशी साखरेची पुडी असावीच. पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर तोल सांभाळण्याची आसनं भिंतीला धरून करावीत.

*गुडघे :* वज्रासन आणि पद्मासन यांचा हट्ट नको. खुर्चीवर ताठ बसूनही प्राणायाम होतो.

*कंबर आणि मान :* गादी सरकली असेल, कळ पायात उतरत असेल, तर पश्चिमोत्तानासनासारखं पुढे वाकणं बंद. मानेचं दुखणं असेल, तर मान गरागरा फिरवणं, हलासन आणि सर्वांगासन नको.

*पाळी गेल्यानंतर :* हाडं ठिसूळ झाली असतील, तर पाठीची कमान करून खोल वाकणं आणि जोराचा पीळ यांनी मणक्याला इजा होऊ शकते. ताठ उभं राहून, आधाराने करायची आसनं बरी.

*गरोदरपण :* डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. पोटावर झोपून करायची आसनं, पोटाला पीळ, श्वास रोखणं, कपालभाती आणि भस्त्रिका नकोत. दिवस वर गेल्यावर फार वेळ उताणं पडू नये, कुशीवर विसावावं.

*बाळंतपणानंतर :* निदान सहा आठवडे दम धरावा. सिझेरियन असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस आणखी. अंग बाहेर येणं किंवा हर्निया असेल, तर पोटावर जोर देणारं काहीही नको.

*दमा :* पंप हाताशी ठेवावा. सपाट पडून कोंडल्यासारखं होत असेल, तर पाठीखाली लोड घेऊन शवासन करावं.

*पाळीच्या दिवसांत :* विटाळ म्हणून नव्हे, शरीराला विसावा म्हणून, उलटी आसनं गाळून आधाराची सोपी आसनं करावीत.

साधनं घरातलीच

हे सगळं ऐकून एखादी म्हणेल, ‘‘म्हणजे आम्ही काही करायचंच नाही का?’’ करायचं तर! फक्त आधार घेऊन. त्यासाठी महागड्या वस्तूंची गरज नाही. घडी घातलेली सतरंजी बैठकीखाली घेतली की गुडघे सुखावतात. हात जमिनीला पोचत नसतील, तर जेवणाचा पाट उभा करून त्यावर टेकवावा. जुन्या सुती साडीची पट्टी तळव्याभोवती घालून दोन्ही हातांनी धरली, की पायाचा अंगठा धरायला वाकावं लागत नाही. न हलणारी, चाकं नसलेली खुर्ची भिंतीला लावून ठेवावी. दिवसभर उभं राहून पाय सुजणाऱ्या मुलींना मी उताणं झोपवून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायला सांगते. दहा मिनिटांत चेहरे खुलतात!

आणि शिक्षिकांनो, विद्यार्थिनीच्या पाठीवर दाब देऊन तिला खाली वाकवू नका. तिचं शरीर तिला माहीत असतं, आपल्याला नसतं. हात लावण्याआधी विचारा. आसन करताना ताण जाणवणं ठीक, पण टोचरी कळ, मुंग्या, अंधारी, धाप यांपैकी काहीही झालं की तिथेच थांबवा. छातीत दुखायला लागलं, तर लिंबूपाणी पाजत बसू नका. १०८ला फोन करा.

गोळी बंद करू नका

‘‘योगाने गोळ्या सुटतात म्हणे!’’ असं दर महिन्याला कुणीतरी म्हणतं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवून १९६९ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. काहींचा रक्तदाब उतरला, काहींना औषध कमी लागलं. पण मैत्रिणींनो, ते औषध डॉक्टरांनी मोजूनमापून कमी केलं होतं, रुग्णाने आपल्या मनाने नव्हे! आणि त्यांना शिकवलं ते शवासन, शीर्षासन नव्हे, हेही लक्षात घ्या.

वर्गाला जाताना शिक्षिकेची पारख करायची ती यावरूनच. ती किती लवचीक आहे हे पाहू नका, ती तुम्हाला काय विचारते ते पाहा. काहीच विचारत नसेल, तर तुम्ही आपणहून सांगा. ऐकूनही ‘काही होत नाही हो, करा’ म्हणत असेल, तर खुशाल सतरंजी गुंडाळा आणि घरी या.

आमच्या काकू महिन्याभराने डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन परत आल्या. आता त्या पहिल्या ओळीत बसत नाहीत. भिंतीजवळ, खुर्चीपाशी त्यांची जागा ठरलेली. बाकीच्या सर्वांगासन करतात तेव्हा त्या निवांत शवासनात असतात. परवा एक नवी मुलगी कागद हातात घेऊन घुटमळत होती. माझ्या आधी काकूच तिला म्हणाल्या,

‘‘लिही गं सगळं. मी लपवलं होतं, तर ही मला रिक्षात घालून घेऊन गेली होती!’’