लॉट चाचणी (नेमबाजी)
लॉट चाचणी म्हणजे विशिष्ट रायफलीतून सर्वाधिक एकसारखा मारा करणारा काडतुसांचा उत्पादनगट (लॉट) निवडण्याची प्रक्रिया होय. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत काही जण काडतुसे स्वतः भरतात. दारू तोलून भरल्याने गोळ्यांच्या वेगातील तफावत आणि तिच्यामुळे लक्ष्यावर दिसणारा वर-खाली फरक घटतो. ५० मीटर रायफल प्रकारातील ५.६ मिमी काडतुसाला ही सोय नाही. त्याचे पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेत असते व आघाताने ती कड चेपते. रिकामे कवच पुन्हा भरण्याजोगे राहत नाही. कारखान्यातून येईल त्यातूनच निवडावे लागते.

चाचणीत रायफल पकडीत घट्ट आवळून प्रत्येक लॉटमधील काही गोळ्या झाडतात व छिद्रांच्या समूहाचा विस्तार मोजतात. एका नळीला मानवलेला लॉट त्याच बनावटीच्या दुसऱ्या नळीला मानवेलच असे नाही. म्हणून डब्यावरील किमतीपेक्षा लॉट क्रमांक मोलाचा. पसंत पडलेल्या लॉटचा साठा एकदमच करतात.

या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिमी व्यासाचे असते आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, ०.१ गुणानेही पदक हुकू शकते. कोल्हापूर जिल्ह्यातील तेजस्विनी सावंत (जागतिक विजेतेपद, म्युनिक, २०१०) व स्वप्नील कुसाळे (ऑलिंपिक कांस्यपदक, पॅरिस, २०२४; ४५१.४ गुण) यांचे यश याच ५० मीटर प्रकारातील आहे.