मोरीबचा चिखल आणि हिरोशिमाची राख

आमच्या मांजर्लीहून बदलापूर स्टेशनला यावं आणि कल्याणकडची लोकल धरावी. अंबरनाथ गेलं की उल्हासनगर. तिथं पत्ता विचारा, आजही उत्तर येतं, 'कॅम्प नंबर चार'. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी हे शहर वसवलं. पण 'कॅम्प' हा शब्द त्याआधीचा, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीचा.

१९४५ च्या पावसाळ्यात भारतातून मलायावर सैन्य उतरवण्याची तयारी चालली होती. मोहिमेचं नाव 'झिपर'. तिकडे पॅसिफिकमध्ये अमेरिकी फौजा काही बेटं जिंकत, काही मुद्दाम वगळत ओकिनावापर्यंत पोचल्या होत्या. तिथं त्यांचे बारा हजारांवर सैनिक पडले. पुढे काय? जपानवर स्वारी, नाकेबंदी, की अणुबॉम्ब?

६ आणि ९ ऑगस्टला बॉम्ब पडले. १५ ऑगस्टला जपानची शरणागती जाहीर झाली. ९ सप्टेंबरला आपले जवान मलायात मोरीबच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा समोर शत्रूचा गोळीबार नव्हता. तरी गाड्या चिखलात रुतल्या. लढाई असती तर? म्हणूनच बॉम्बनं जीव वाचवले, असं काहीजण म्हणतात.

पण अमेरिकेच्याच सरकारी पाहणीनं १९४६ मध्ये मत दिलं, की बॉम्ब आणि स्वारी या दोन्हींविना जपान वर्षअखेरपर्यंत शरण आला असता. शिवाय ८ ऑगस्टला रशियानंही युद्ध पुकारलं होतं.

हिरोशिमात वर्षअखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली. मोरीबहून सुखरूप परतलेल्या जवानाच्या आईचा आनंद खरा. पण त्याची किंमत कुणी मोजली, हेही त्याच हिशेबात लिहायला हवं.