फोटोच्या पाठीवरचा मराठवाडा
(लेखमाला : ठेवा जपताना, भाग ६)

मागच्या आठवड्यात पोथ्या आणि दप्तरं पाहिली. आज फोटो.

एखाद्या संग्रहालयातले फोटो डिजिटल करायचे ठरलं की पहिली मागणी येते ती स्कॅनरची. स्कॅनर पैसे मोजले की मिळतो. नांदेड-लातूरकडचं घोडं अडतं ते नोंदीपाशी. फोटो कुठला, कधीचा, त्यात कोण कोण बसलंय, हे कुणी लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असलं तर ते वाचणारं माणूस सापडत नाही. अशा हजार फोटोंचं स्कॅनिंग केलं तरी हार्ड डिस्कवर अडगळच वाढते.

समजा, जाड पुठ्ठ्यावर डकवलेला एक गटफोटो हाती आला. पुढे खुर्च्यांवर शेरवानी आणि रूमी टोपीतले अंमलदार, मागे उभे पटकेवाले. पाठीवर उर्दूत एक ओळ आणि आकडा १३५०. हा हिजरी सन धरला तर फोटो १९३१-३२ चा ठरतो. पण निजामाच्या राज्यात सरकारी कारभार फसली सनावर चाले. हे वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, त्यामुळे डिसेंबरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे हा फोटो १९४०-४१ चा. मधल्या काळात, १९३८ साली, हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला. नऊ वर्षांच्या या चुकीने फोटो त्याच्या अलीकडे की पलीकडे, हेच बदलतं. आकड्यापुढे बारीकसं ‘फे’ अक्षर असेल तर तो फसली. भिंगाखाली ते दिसतं. स्कॅन करताना मात्र पाठ कुणी उलटूनही बघत नाही. पाठीचंही स्कॅनिंग झालंच पाहिजे, कोरी असली तरी.

दुसरी गफलत जिल्ह्यांची. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. किनवट तालुका आदिलाबादेत. लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. त्यामुळे उदगीरच्या किल्ल्याचा जुना फोटो शोधणाऱ्याने ‘लातूर’ टाकून भागणार नाही. आज लातूर जिल्ह्यात असलेल्या खरोशाच्या लेण्यांची माहिती पुरातत्त्वज्ञ बर्जेसच्या १८७८ च्या अहवालात आहे आणि त्या अहवालाच्या नावात आहेत बिदर नि औरंगाबाद. म्हणून नोंदीत दोन रकाने हवेत : फोटो काढला तेव्हाचा जिल्हा आणि आजचा जिल्हा. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाचं सॉफ्टवेअर केलंय. पण सॉफ्टवेअर कुठलंही असो, रकाने भरायला माणूसच लागतो.

आता फोटोच्या प्रकृतीकडे. कृष्णधवल फोटोतली चांदी जिलेटिनच्या थरात बसलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, हवा कोरडी ठाक. मग पावसाळ्यात तेच जिलेटिन ओल शोषून फुगतं आणि फ्रेमच्या काचेला चिकटतं. चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकट, वरून कॅमेऱ्याने टिपावा. कडेच्या काळ्या भागावर निळसर चंदेरी झाक दिसली तर ती पुसू नये, वरचा थरच निघून येईल. काचेच्या निगेटिव्ह एकावर एक रचू नयेत, लांब कडेवर उभ्या ठेवाव्यात. जुन्या फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर तो डबा लगेच वेगळा करायचा. ती सड शेजारच्या फिल्मलाही लागते.

निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये घेतल्या, म्हणून त्या आज सुरक्षित आहेत. गावोगावच्या स्टुडिओवाल्यांना असा वाली कुठला?

सगळ्यात आधी स्कॅन काय करावं, असं विचाराल तर माझं उत्तर अनेकांना उलटं वाटेल. निजामी काळातले कृष्णधवल फोटो नीट ठेवले तर आणखी दम धरतील. घाई आहे ती ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या रंगीत फोटोंची. रंगीत फोटोत चांदी उरत नाही, रंगद्रव्यं असतात आणि ती कपाटाच्या अंधारातही विटतात. फोटो तांबूस होत जातो. किल्लारी परिसरातली गावं नव्या जागी वसली. जुन्या गल्ल्या, वाडे, पार ओळखणारी माणसं आता साठी-सत्तरीला आलीत. नुसतं ‘किल्लारी’ असं लिहून चालणार नाही. जुनं गाव की नवं, कुणाचं घर, कुठली आळी, हे त्यांना फोटो दाखवूनच लिहून घ्यावं लागेल. त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर आणखी बरं.

स्कॅनचं गणित थोडक्यात : छापील फोटोला किमान ६०० डीपीआय, मूळ फाइल टिफमध्ये, बघायला-पाठवायला जेपेग. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. स्कॅननंतर ‘सुधारलेली’ प्रत करायचीच असेल तर वेगळ्या नावाने करा. मूळ फाइलला हात लावू नका. अलीकडे जुन्या फोटोंत रंग भरून देणारी ॲप्स निघालीत. ते रंग ॲपने अंदाजाने भरलेले असतात, त्यांना पुरावा म्हणून काही किंमत नाही.

वाचकांकडे एक मागणं. घरात जुने फोटो असतील आणि उर्दू वाचणारं एखादं वडीलधारं माणूस अजून असेल, तर या रविवारी दोघांची गाठ घालून द्या. मिळतील ती नावं फोटोच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहा. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर पाकिटावर लिहा, पण बॉलपेन वापरू नका.